अमेरिकेच्या मूळनिवासींकडे पाहुणे म्हणून जा

मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत असेल तर सुट्टीत तिकडे जाणं आता नवलाचं राहिलेलं नाही. न्यूयॉर्क, नायगारा, लास व्हेगास, ग्रँड कॅनियन ही यादी तर ठरलेलीच असते. पण ग्रँड कॅनियनपर्यंत गेलातच, तर तिथून मागे वळू नका. पूर्वेकडे नवाहो, होपी आणि पुएब्लो लोकांचा प्रदेश आहे. अमेरिका हा देश जन्माला येण्याच्या शेकडो वर्षं आधीपासून ते इथे राहतात.

या लोकांचे फोटो, नक्षी आणि नृत्यं दाखवून वर्षानुवर्षं इतरांनीच पैसा कमावला. आता गाईड त्यांचा, हॉटेल त्यांचं, जेवण त्यांच्या हातचं आणि दुकानातली वस्तूही त्यांनीच घडवलेली, असे एकमेकांना धरून चालणारे व्यवसाय उभे राहत आहेत. २०१६ साली अमेरिकेत अशा पर्यटनाला बळ देणारा नेटिव्ह ॲक्ट हा कायदाही झाला. तरी तुमचे पैसे कोणाच्या घरी जातील हे शेवटी तुम्हीच ठरवता.

नवाहोंच्या भूमीत

लाल खडकांच्या उंच सुळक्यांसाठी प्रसिद्ध असलेली मॉन्युमेंट व्हॅली १९५८ पासून नवाहो नेशनचं स्वतःचं उद्यान आहे. त्यामुळे अमेरिकन राष्ट्रीय उद्यानांचा पास इथे चालत नाही, वेगळं शुल्क भरावं लागतं. मुख्य रस्ता सोडून आतल्या भागात जायचं तर नवाहो गाईड घ्यावाच लागतो. राहण्यासाठी उद्यानातच द व्ह्यू हे नवाहो मालकीचं हॉटेल आहे.

पेज शहराजवळच्या अँटेलोप कॅनियनमध्येही गाईडशिवाय प्रवेश नाही. या नियमामागे कारण आहे. दूर कुठेतरी पडलेल्या पावसाचं पाणी या चिंचोळ्या घळीत अचानक घुसतं. १९९७ मध्ये अशाच लोंढ्यात ११ पर्यटकांचा जीव गेला. म्हणून आकाश निरभ्र दिसत असलं तरी गाईड नाही म्हणाला, तर वाद घालू नका.

१९ पुएब्लोंचं एक घर

न्यू मेक्सिकोतील १९ पुएब्लो समाजांनी मिळून १९७६ मध्ये अल्बुकर्की इथे इंडियन पुएब्लो कल्चरल सेंटर उघडलं. इथे संग्रहालय आहे, पारंपरिक नृत्यं होतात, पुएब्लो पदार्थांचं उपाहारगृह आहे आणि कारागिरांच्या वस्तूंचं दुकानही आहे. एकाच भेटीत तुमचा पैसा नर्तक, स्वयंपाकी आणि कुंभार अशा कितीतरी हातांत पोहोचतो.

इथून पश्चिमेला गाडीने साधारण तासाभरावर आकोमा आहे. सुमारे ११० मीटर उंच पठारावरचं हे गाव समाजातील गाईडसोबतच पाहता येतं. वर वीज नाही, नळ नाही. पातळ काठांच्या, काळ्या-पांढऱ्या नक्षीच्या मातीच्या भांड्यांसाठी आकोमा प्रसिद्ध आहे. ही भांडी तुम्ही थेट कारागिरांकडून घेऊ शकता.

दागिने घेताना

चांदी आणि फिरोजाचे दागिने पाहून मोह होणारच. पण फिलिपाइन्समध्ये बनवलेले दागिने मूळनिवासींचे म्हणून न्यू मेक्सिकोत विकल्याचं प्रकरण न्यायालयात गेलं आहे. स्वस्त नकली माल आला की महिनाभर खपून एक हार घडवणाऱ्याची मेहनत मातीमोल होते. अशी खोटी विक्री १९९० च्या कायद्याने गुन्हा आहे. म्हणून :

● वस्तू कोणी बनवली आणि तो कारागीर कोणत्या समाजाचा, हे विचारा आणि बिलावर लिहून घ्या.

● सांता फेमध्ये पॅलेस ऑफ द गव्हर्नर्सच्या ओसरीत बसणारे मूळनिवासी विक्रेते स्वतः किंवा घरच्यांनी बनवलेल्या वस्तूच विकतात. तिथे निर्धास्तपणे खरेदी करा.

● ‘नेटिव्ह स्टाईल’ लिहिलेली वस्तू त्यांनी बनवलेली असेलच असं नाही.

● फार घासाघीस करू नका. आपल्याकडे पैठणी विणणाऱ्याचे कष्ट जसे किमतीत दिसतात, तसंच हे आहे.

पाहुण्यांनी हे पाळा

● होपी गावांत फोटो, व्हिडिओ, ध्वनिमुद्रण आणि रेखाटन करायला मनाई आहे. इतर ठिकाणीही आधी विचारा.

● नृत्य हा अनेकदा धार्मिक विधी असतो. टाळ्या वाजवू नका, मधेच प्रश्न विचारू नका.

● नवाहो नेशनमध्ये दारूला बंदी आहे, तर त्यांच्या उद्यानांत ड्रोनला.

● उन्हाळ्यात नवाहो नेशनचं घड्याळ उर्वरित ॲरिझोनापेक्षा एक तास पुढे असतं. टूर बुक करताना वेळ कोणती धरायची, हे विचारून घ्या.

● शाकाहारी असाल तर निळ्या मक्याचे पदार्थ आणि बीन्स चाखा. आपल्या भटुऱ्यासारखा दिसणारा फ्राय ब्रेड मात्र चरबीत तळलेला असू शकतो, तेव्हा आधी चौकशी करा.

मुलं-नातवंडं सोबत असतील तर त्यांना गाईडच्या जवळ उभं करा. पुस्तकात या लोकांबद्दल बहुधा भूतकाळातच लिहिलेलं असतं. इथे ते आपली गोष्ट स्वतःच्या तोंडून सांगतात, आणि ती आजही चालू आहे हे मुलांना आपोआप कळतं.