तोफेतून अवकाशात: पोहोचता येतं, टिकता का येत नाही?

बारामती ते इंदापूर सरळ रेषेत अंतर साधारण ४७-४८ किलोमीटर आहे. पुण्यात पाषाणला डीआरडीओची एआरडीई ही प्रयोगशाळा आहे. तिने भारत फोर्ज आणि टाटा यांच्यासोबत विकसित केलेल्या 'अटॅग्स' या १५५ मिमी तोफेने २०१७ च्या चाचणीत ४८ किलोमीटरचा पल्ला गाठला. म्हणजे आपल्या दोन तालुक्यांच्या गावांमधलं अंतर एका गोळ्यात पार!

आता अवकाशाची प्रचलित सीमा १०० किलोमीटर उंचीवर, म्हणजे या अंतराच्या जेमतेम दुप्पट. मग मोठी तोफ बांधून उपग्रह का सोडत नाहीत? पीएचडीच्या मुलाखतीत असा प्रश्न आला तर "शक्य नाही" एवढं म्हणून भागत नाही. वही काढा, बारावीच्या सूत्रांवर काम होतं.

१. पोहोचायला किती वेग लागतो?
हवा नाही असं धरा. वेगाचा वर्ग = २ × गुरुत्वत्वरण × उंची. १०० किलोमीटरसाठी उत्तर येतं सेकंदाला १४०० मीटर. अशा मोठ्या तोफांचा गोळा ९०० मीटरच्या पुढे जातोच. म्हणजे हे स्वप्न अगदीच हवेतलं नाही.

आणि हे झालेलंही आहे. १९६० च्या दशकात जेराल्ड बुल या कॅनडाच्या अभियंत्याने 'हार्प' प्रकल्पात नौदलाच्या जुन्या १६ इंची तोफांच्या नळ्या जोडून सुमारे ३६ मीटर लांब तोफ बनवली. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या युमा इथून सेकंदाला सुमारे २१०० मीटर वेगाने सोडलेलं प्रक्षेप्य १८० किलोमीटर उंच गेलं. वरच्या वातावरणातल्या वाऱ्यांची मोजमापंही या प्रकल्पाने केली.

२. टिकायला किती?
वर गेलेलं प्रक्षेप्य खाली आलंच. पृथ्वीभोवती फिरत राहायचं तर सेकंदाला सुमारे ७८०० मीटर वेग हवा, तोही आडवा. वेग साडेपाच पट, पण ऊर्जा वेगाच्या वर्गावर ठरते. १०० किलोमीटर उंचीला किलोमागे साधारण १ मेगाज्यूल लागतात, तर कक्षेतल्या वेगाला ३०. खरी किंमत उंचीची नाही, वेगाची आहे.

३. धक्का किती बसतो?
रॉकेट काही मिनिटं वेग घेतं, तोफ नळीच्या लांबीतच सगळा देते. हार्पच्या आकड्यांवरून सरासरी त्वरण काढा: गुरुत्वत्वरणाच्या ६००० पटींहून जास्त येतं. घट्ट बसवलेली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा हे सोसू शकते, माणूस नाही. माणसासाठी त्वरण तीन पटींवर ठेवायचं म्हटलं तर ७८०० मीटर वेगासाठी नळी लागेल सुमारे १०३५ किलोमीटर. इंदापुरातून सुरू केली तर पार आग्र्याजवळ संपेल!

४. हवेचं काय?
जमिनीवर प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर साधारण १ किलो हवेचा स्तंभ उभा असतो. रॉकेट दाट हवेतून हळू निघतं आणि विरळ हवेत वेग वाढवतं. तोफेचं नेमकं उलटं: सर्वांत जास्त वेग सर्वांत दाट हवेत. त्यामुळे रोधही प्रचंड, उष्णताही प्रचंड.

५. शेवटची अडचण भूमितीची
समजा वेग, धक्का, हवा सगळं जमवलं. तरी नळीतून सुटल्यावर नवा जोर मिळाला नाही, तर बंद कक्षा पुन्हा सुटण्याच्या बिंदूतूनच जाते. तो बिंदू जमिनीवर आहे, म्हणजे पहिल्याच फेरीत टक्कर. म्हणून वर गेल्यावर कक्षा बदलणारं छोटं रॉकेट लागतंच. बुल यांनाही हे माहीत होतं. तोफेतून उडणाऱ्या रॉकेटची त्यांची योजना होती, पण १९६७ मध्ये निधी थांबला आणि ती पुरी झाली नाही.

तर उत्तर असं: तोफ रॉकेटचा पहिला टप्पा होऊ शकते, रॉकेटची जागा घेऊ शकत नाही. 'अशक्य' आणि 'अपुरं' यांत फरक आहे, आणि संशोधनाचा विषय बहुतेक वेळा त्या फरकातच सापडतो. सिनॉप्सिस लिहिताना आपली कल्पना कोणत्या पायरीवर अडते आणि किती पटींनी, हे आधी अर्ध्या पानात मांडा. गाईडचा पहिला प्रश्न तोच असतो.

सरावासाठी एक गणित: सेकंदाला ९०० मीटर वेगाने सरळ वर सोडलेला गोळा हवा नसताना किती उंच जाईल? उत्तर ४१ किलोमीटरच्या आसपास आलं पाहिजे. मग हवा धरून ते किती घटेल, याचा अंदाज बांधायला घ्या.