सांगणारें यंत्र आणि ऐकणारा गांव

वर्तमानपत्र, रेडिओ, चित्रपट आणि आतां हातांतला मोबाइल हीं साधनें समाज घडवितात, असें आपण नेहमीं म्हणतों. तीं तो कसा घडवितात, हें मात्र क्वचित् पाहतों. आज या विस्तृत विषयांतील एकाच गोष्टीचा विचार करावयाचा आहे: बातमी कानावर पडणें आणि तिच्यावर विश्वास बसणें, या दोहोंच्या दरम्यान काय घडतें?

उदाहरणासाठीं दूर जावयास नको. नागपूरच्या उत्तरेस, कन्हान नदीच्या कांठीं खापा हा गांव आहे. १८६७ सालापासून येथें नगरपालिका आहे. हातमागाचें कापड ही या गांवाची जुनी ओळख. आसपासच्या मँगनीजच्या खाणी ही त्यानंतरची. छापील अक्षर येण्यापूर्वीं अशा गांवांत बातमीच्या मुख्य वाटा दोन असत, दवंडी आणि आठवड्याचा बाजार. दवंडी सरकारची, तिला उलट प्रश्न विचारण्याची सोय नसे. बाजारांतली बातमी मात्र सांगणाराचें तोंड पाहून पारखतां येई. ‘तूं स्वतः पाहिलेंस काय?’ एवढें विचारलें कीं पुष्कळ बातम्या तेथल्या तेथें गळून पडत.

पुढें वर्तमानपत्रें आलीं. बाळशास्त्री जांभेकरांनीं १८३२ मध्यें मुंबईस ‘दर्पण’ काढलें; नागपुरास अच्युतराव कोल्हटकरांनीं ‘देशसेवक’ चालविला, गोपाळराव ओगल्यांनीं ‘महाराष्ट्र’ चालविला. साक्षर थोडे असल्यामुळें एक वाची व दहा ऐकत, आणि ऐकतां ऐकतां त्या दहांत वाद माजे. पत्र शहरांतलें असलें तरी मत ओसरीवरच तयार होई. ती ओसरी सर्वांना मोकळी होती, असें मात्र कोणीं समजूं नये. डॉ. आंबेडकरांना १९२० मध्यें ‘मूकनायक’ काढावा लागला, त्याच्या मुळाशीं हेंही एक कारण होतें.

नागपूरचें आकाशवाणी केंद्र १६ जुलै १९४८ रोजीं सुरू झालें. विणकराच्या घरीं या साधनाचें मोल विशेष असावयाचें. मागावर बसलेल्याचे हात, पाय आणि डोळे तिन्ही गुंतलेले असतात; कांड्या भरणाऱ्या बाईचेही हात व डोळे मोकळे नसतात. तेथें वर्तमानपत्र वाचणें म्हणजे काम थांबविणें. रेडिओसाठीं काम थांबवावें लागत नाहीं. परंतु रेडिओ हीही एका अर्थीं दवंडीच. तो बोलतो, आपण ऐकतों, आणि विचारावेसें वाटलेलें मनांतच राहून जातें.

हा दोष घालवितां येईल काय, हें पाहण्याचा एक प्रयोग १९५६ सालीं पुणें केंद्रानें युनेस्कोच्या साहाय्यानें केला. कॅनडांत १९४१ पासून शेतकऱ्यांचीं श्रोतृमंडळें चालू होतीं. तीच कल्पना येथें घेतली होती. पुणें, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर या पांच जिल्ह्यांतील सुमारें दीडशें गांवीं मंडळें निघालीं. आठवड्यांतून दोनदां, असा दहा आठवडे, अर्ध्या तासाचा कार्यक्रम होई. विषय शेती, आरोग्य, शिक्षण, ग्रामकारभार असे. प्रत्येक मंडळांत पंधरा-वीस ग्रामस्थ. कार्यक्रम संपला कीं खरें काम सुरू होई. रेडिओ बंद करून मंडळी चर्चेस बसत, तिचा वृत्तान्त आणि आपले प्रश्न पुण्यास धाडीत, आणि पुढील एखाद्या कार्यक्रमांत त्यांना उत्तरें मिळत. सांगणारें यंत्र अशा रीतीनें ऐकूंही लागलें.

टाटा समाजविज्ञान संस्थेनें या प्रयोगाची पाहणी केली. पॉल न्यूराथ या समाजशास्त्रज्ञांकडे ती होती. तुलनेसाठीं कांहीं गांव असे घेतले कीं जेथें रेडिओ होता पण मंडळ नव्हतें, आणि कांहीं असे कीं जेथें रेडिओही नव्हता. मंडळाच्या गांवांतील लोकांचें ज्ञान ठळकपणें वाढलें. नुसता रेडिओ असलेल्या गांवांत ही वाढ फारच थोडी आढळली. याचें कारण मला असें दिसतें कीं, एकट्यानें ऐकलेली सूचना माणूस मनांतच ठेवतो. नवें बियाणें पेरलें आणि पीक बुडालें, तर गांवांत हंसें होईल! दहा शेजाऱ्यांसमक्ष ठरलेली गोष्ट करतांना ती भीति दहांत वांटली जाते. १९५९ पासून ही योजना देशभर नेण्यांत आली.

आतां दुसऱ्या टोंकाचें उदाहरण. १ जुलै २०१८ रोजीं धुळें जिल्ह्यांतील राइनपाडा येथें, आठवड्याच्या बाजाराच्या दिवशीं, जमावानें पांच निरपराध माणसांना ठार मारलें. तीं नाथपंथी डवरी गोसावी समाजाचीं, भिक्षेसाठीं फिरणारीं, बहुतेक सोलापूर जिल्ह्यांतून आलेलीं. मुलें पळविणारी टोळी हिंडत असल्याची अफवा व्हॉट्सॲपवरून आधींच पसरली होती. त्याच महिन्यांत, भारतांत एक संदेश एका वेळीं पांचांहून अधिक ठिकाणीं पुढें धाडतां येऊं नये, अशी मर्यादा त्या कंपनीनें जाहीर केली.

या घटनेंतील बाजार मला फार बोचतो. अफवा पूर्वींही उठत; परंतु त्यांची चाल पायीं चालणाऱ्या माणसाची असे, आणि वाटेंत विचारणारे भेटत. मोबाइलवरील संदेश ज्याला त्याला एकांतांत मिळतो, तोही बहुधा ओळखीच्या माणसाकडून. वस्तुतः हा ओळखीचा माणूस त्या बातमीचा केवळ हमाल असतो. पण आपला विश्वास बसतो तो त्या हमालावरच. त्यामुळें चारचौघांत येण्यापूर्वींच मत पक्कें झालेलें असतें. शहरांतील सुशिक्षित घरें याला अपवाद आहेत, असें म्हणण्यास मला तरी आधार दिसत नाहीं.

पुण्याच्या प्रयोगांत मंडळाचा एक निमंत्रक असे. सभेंत निघालेले प्रश्न पुण्याला जातील, हें तो पाही. व्हॉट्सॲपच्या समूहालाही एक चालक असतो. बहुतेक ठिकाणीं सभासद घेणें व काढणें यापलीकडे तो कांहीं करीत नाहीं. खाप्यांतील एखाद्या आळीच्या समूहाच्या चालकानें निमंत्रकाचें काम पत्करावयाचें ठरविलें, तर त्याच्यापुढें पहिलीच अडचण ही येईल कीं प्रश्न धाडावा कोणाकडे? १९५६ मध्यें पाकिटावर लिहावयास पुणें केंद्राचा पत्ता होता. पुढें धाडलेल्या संदेशाच्या उगमाचा पत्ता कोणाहीपाशीं नसतो.