औषध म्हणून येणारे विष आणि न वाचता येणारा कागद

ठाणाकुशनूर : आमच्या सीमाभागात कीटकनाशकाला विष कोणी म्हणत नाही. त्याला 'औषध' म्हणतात. तुरीला अळी लागली, औषध मारा. सोयाबीनमध्ये तण माजले, औषध मारा. 'धनी औषध आणायला गेलेत' एवढे ऐकून धनी दवाखान्यात गेले की कृषी सेवा केंद्रात, हे ज्याचे त्याने ओळखायचे. भाषेची ही जुनी सवय आजवर खपून गेली, कारण बाटली देणारा दुकानदार ओळखीचा होता. औरादच्या किंवा उदगीरच्या बाजारात तो आपल्याच बोलीत सांगायचा, 'पंपाला इतकेच झाकण टाका, वाऱ्याच्या उलट दिशेला उभे राहू नका, हात धुतल्याशिवाय तंबाखू मळू नका.' बाटलीवरचा कागद कोणी वाचत नव्हते. दुकानदाराचे तोंड हाच कागद होता.

आता ते तोंडच मध्यातून गेले. मोबाइलवर बोट ठेवले की चार दिवसांत पार्सल गावात हजर. घेऊन येणारा पोरगा पैसे घेतो, सही घेतो आणि फटफटीला किक मारून निघून जातो. खोक्यात बाटली असते आणि बाटलीबरोबर घडी घातलेला एक पातळ कागद असतो. सांगायला कोणी नाही, म्हणून जे काही सांगायचे ते या कागदानेच सांगायचे आहे. आणि नेमका तोच कागद आम्हाला वाचता येत नाही. इंग्रजी असतेच. त्याखाली कधी कानडी, कधी तेलुगू, कधी गुजराती! माल ज्या गोदामातून निघाला, त्या मुलखाची भाषा.

कागद दुसऱ्याकडून वाचून घेण्याची पाळी या भागावर नवी नाही. निजामाच्या राज्यात सरकारी कागद उर्दूत होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, बीदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर तिकडे गेले. औराद, भालकी, हुमनाबाद म्हैसूर राज्यात आले आणि कागद कानडी झाला. आता मोबाइल आला आणि कागद इंग्रजी झाला. आजोबांनी मुन्शीकडून वाचून घेतला, वडिलांनी तलाठ्याकडून, आणि नातू मोबाइलवाल्या पोराकडे धावतो. फरक एवढाच, की आजोबांचा कागद चुकीचा वाचला गेला तर जमिनीचा तुकडा जायचा. हा कागद चुकीचा वाचला गेला तर माणूस जातो.

कायदा कोणाच्या बाजूने?

आपल्याकडे एक समज पक्का आहे की, भाषेच्या बाबतीत कायदा नेहमी आपल्या विरुद्धच असतो. या एका बाबतीत तरी तसे नाही. कीटकनाशकांचा केंद्रीय कायदा १९६८ चा आणि त्याखालचे नियम १९७१ चे. या नियमांनुसार बाटलीवरची चिठ्ठी आणि आतले माहितीपत्रक हिंदी, इंग्रजी आणि शिवाय एक किंवा दोन प्रादेशिक भाषांत छापले पाहिजे. कोणत्या प्रादेशिक भाषा? वाचकांनी इथे थांबून शब्द नीट पाहावेत. नियम 'राज्याची भाषा' म्हणत नाही. माल ज्या भागात साठवला, विकला किंवा वाटला जाण्याची शक्यता आहे, त्या भागात वापरात असलेल्या भाषा, असे नियम म्हणतो.

ठाणाकुशनूर, औराद, भालकी, बसवकल्याण या पट्ट्यात कोणत्या भाषा वापरात आहेत, हे सांगायला आयोग नेमण्याची गरज नाही. आठवडी बाजारात एक चक्कर मारली तरी पुरे. कानडी आहे, मराठी आहे. नियमाने 'एक किंवा दोन' म्हटले, आणि या मातीत मोजून दोन आहेत. सीमाभागाकडे पाहूनच वाक्य लिहिले असावे, इतके ते आपल्याला चपखल बसते.

त्या माहितीपत्रकात काय असावे, हेही नियमात आहे. कोणत्या पिकावर, कोणत्या किडीसाठी, किती प्रमाणात, माणसाला, जनावराला कसा धोका, विषबाधेची लक्षणे कोणती, पहिला उपचार काय, उतारा कोणता, रिकाम्या बाटलीचे काय करायचे. हे सारे बाटलीगणिक बदलते. फॉस्फरसयुक्त कीटकनाशकाच्या विषबाधेवर डॉक्टर अ‍ॅट्रोपीन देतात. पॅराक्वाट या तणनाशकावर मात्र खास असा उताराच नाही. रात्री बाराला बीदरच्या किंवा उदगीरच्या दवाखान्यात नेलेल्या माणसाच्या नातेवाइकांना डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात, 'काय पोटात गेले?' त्यावर 'औषध' हे उत्तर कामाचे नाही. बाटली आणि कागद, दोन्ही बरोबर न्यावे लागतात.

खुणेचा चौकोन

निरक्षराचीही सोय नियमाने केली आहे. चिठ्ठीवर टोकावर उभा केलेला एक चौकोन असतो, चिठ्ठीच्या दर्शनी भागाचा किमान सोळावा हिस्सा व्यापणारा. त्याचे दोन त्रिकोण. खालच्या त्रिकोणात रंग, वरच्यात इशारा. लाल म्हणजे अत्यंत विषारी. वर कवटी आणि हाडे. पिवळा म्हणजे त्याखालोखाल तीव्र विषारी. निळा मध्यम आणि हिरवा सौम्य. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे. तेही विषच, मात्रा तेवढी वेगळी. रंगाला भाषा लागत नाही हे खरे. पण रंगाचा अर्थ कोणीतरी एकदा आपल्या भाषेत सांगावा लागतो. शेतात हिरवा रंग म्हणजे बरकत, असेच ज्याला ठाऊक, तो हिरव्या त्रिकोणाची बाटली पोरांच्या हाती देईल, त्याला दोष कसा द्यायचा?

न वाचलेल्या बाटलीची किंमत किती असते, हे देशाने पाहिले आहे. १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यातील गंडामन गावच्या शाळेत दुपारचे जेवण जेवून २३ मुले दगावली. तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सापडले. २०१७ च्या पावसाळ्यात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मृत्युमुखी पडले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. तिथे तर शेतकरीही मराठी आणि राज्यही मराठी. तरीही हे घडले, कारण नुसता कागद छापून भागत नाही, तो पोचावा लागतो. मग जिथे कागदाची भाषाच परकी, तिथे जिवाचा हवाला कोणावर?

ऑनलाइन विक्रीचे नवे नियम

कीटकनाशक ऑनलाइन विकण्याबाबत पूर्वी स्पष्टता नव्हती. नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने १९७१ च्या नियमांत दुरुस्ती करून परवानाधारकाला अशी विक्री करण्याची मुभा दिली. मात्र परवान्याच्या अटी सुटल्या नाहीत, आणि विक्रेत्याचा परवाना खरा की खोटा हे तपासण्याची जबाबदारी ऑनलाइन बाजार चालवणाऱ्या कंपनीवर टाकली. म्हणजे दुकान मोबाइलवर गेले म्हणून चिठ्ठीचा नियम, भाषेचा नियम, परवान्याचा नियम मागे राहिला, असे होत नाही. दुकान जिथे जाईल, तिथे नियमही गेला पाहिजे.

आता प्रश्न असा येतो की, 'माल विकला जाण्याचा भाग' ऑनलाइनमध्ये कोणता? दुकानदाराचा भाग ठरलेला असतो. मोबाइलचा बाजार देशभर पसरलेला. कंपनी म्हणेल, आम्ही कुठवर भाषा छापायच्या? याचे उत्तर कंपनीच्याच हातात आहे. गिऱ्हाइकाचा पिनकोड टाकल्याशिवाय तिचे पार्सल हलत नाही. पिनकोडवरून भाडे ठरते, दिवस ठरतो, मग कागदाची भाषा का ठरू नये?

विकणाऱ्यांनीही ऐकावे

ही गोष्ट फक्त घेणाऱ्यांची नाही. आपल्या गावातली पोरे आणि बचत गटाच्या भगिनी आता स्वतः माल विकू लागल्या आहेत. फिनेल, कापूर, अगरबत्ती, अत्तर. यात धोकादायक काय, असे वाटेल. पण मालवाहतुकीच्या जगात धोक्याचे नऊ वर्ग आहेत आणि संयुक्त राष्ट्रांनी प्रत्येक धोकादायक मालाला चार आकडी क्रमांक दिला आहे. देवापुढचा कृत्रिम कापूर २७१७, पेट घेणारा घन पदार्थ. अत्तर १२६६, पेट घेणारा द्रव. काडेपेटी १९४४. फवारणी पंपातली सीलबंद बॅटरी २८००. लिथियम बॅटरी पंपासह पाठवली तर ३४८१, सुटी पाठवली तर ३४८०. पार्सल विमानाने जाणार असेल तर पाठवणाऱ्याने माल काय आहे हे लिहून द्यावे लागते. 'घरगुती सामान' एवढे लिहून बॅटरी पाठवणे हा अज्ञानाचा भाग असेल, पण विमानात आग लागली तर अज्ञान ढाल होत नाही. टपालाने विषारी किंवा पेट घेणारा माल पाठवायला १८९८ च्या कायद्यापासून मनाई आहे. २०२३ चा नवा टपाल कायदा आला म्हणून ती उठलेली नाही. फटाके तर ऑनलाइन विकूच नयेत, असा सर्वोच्च न्यायालयाचा २३ ऑक्टोबर २०१८ चा आदेश आहे.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानात येते. बिघडलेला बॅटरी पंप आपण परत पाठवतो, तेव्हा पाठवणारे आपण असतो. फुगलेली किंवा बिघडलेली लिथियम बॅटरी विमानाने पाठवता येत नाही. परत पाठवण्यापूर्वी कंपनीला बिघाड नीट सांगावा आणि ती सांगेल त्या मार्गानेच पाठवावी. खोके चिकटपट्टीने बंद करून गप्प बसू नये.

रसायन घेऊन विकणाऱ्याने पुरवठादाराकडून त्याचे सुरक्षा माहितीपत्रक मागून घ्यावे. त्याचे सोळा भाग असतात. सगळे कळले नाहीत तरी चालेल. चौथ्यात प्रथमोपचार असतो, चौदाव्यात वाहतुकीची माहिती. हे दोन भाग जाणत्या माणसाकडून मराठीत उतरवून घ्यावेत आणि मालासोबत ठेवावेत. टेंपो चालवणाऱ्या पोरांसाठी तर कायद्यातच भाषा आहे. धोकादायक माल नेणाऱ्या चालकाला इंग्रजी आणि घटनेच्या आठव्या परिशिष्टातली एक भारतीय भाषा लिहिता-वाचता आली पाहिजे, असे १९८९ चे मोटार वाहन नियम सांगतात. आठव्या परिशिष्टात मराठी आहे. म्हणजे मराठी वाचणारा चालक कायद्याला चालतो. मग त्याला दिलेला कागद मराठीत का नसावा? आणि हो, कीटकनाशक धान्याला किंवा पेंडीला लागेल अशा रीतीने नेऊ नये, हाही नियमच आहे. एकाच टेंपोत सोयाबीनची पोती आणि औषधाची खोकी, हे चित्र आता तरी थांबावे.

कानडीशी भांडण नाही

हे वाचून कोणी म्हणेल, पुन्हा भाषेचा वाद काढला. तसे नाही. कर्नाटकात तयार होणाऱ्या मालावर कानडीत माहिती असावी, असे कर्नाटकाच्या २०२२ च्या कन्नड भाषा विकास कायद्यात आहे. त्याबद्दल आमची तक्रार नाही. कानडी शेतकऱ्याचा जीवही जीवच आहे, आणि तिकडे अक्कलकोट, जत भागातल्या कानडी शेतकऱ्याच्या बाटलीवर कानडी असावी, असे आम्ही तितक्याच ठामपणे म्हणतो. सीमा कुठे असावी, हा खटला २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. तुरीवरची अळी निकालाची वाट पाहत नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आनंद झाला, पेढे वाटले गेले. पण भाषा जिवंत राहते ती दर्जाच्या कागदावर नव्हे, रोजच्या कामाच्या कागदावर. ज्या भाषेत 'यापासून सावध राहा' हे सांगितले जात नाही, ती भाषा लोकांना फार दिवस आपली वाटत नाही.

आता काय करावे?

ऑनलाइन माल घेताना विक्रेत्याचा परवाना क्रमांक पाहावा, बिल घ्यावे. माहितीपत्रकात मराठी नसेल तर बाटलीचा आणि कागदाचा फोटो काढून कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांप्रमाणे ४८ तासांत पोच आणि महिनाभरात निवारण मिळाले पाहिजे. न मिळाल्यास १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर बोलावे; तिथे मराठीतही बोलता येते. विषबाधा झाली तर १०८ ला फोन करावा, आणि दिल्लीच्या एम्समधील विष माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा क्रमांक घराच्या भिंतीवर लिहून ठेवावा. रिकामी बाटली फोडून, वस्तीपासून दूर पुरावी. तिच्यात तेल, रॉकेल, पाणी काहीही भरू नये.

ग्रामपंचायतींनी ठराव करून तालुक्याच्या कृषी कार्यालयाकडे मागणी करावी की, या भागात येणाऱ्या प्रत्येक कीटकनाशकाच्या पत्रकात कानडीशेजारी मराठी असावी. हा अर्ज मराठीत करता येईल का, अशी शंका घेऊ नये. गाऱ्हाणे संघराज्यात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा हक्क घटनेच्या ३५० व्या कलमाने दिला आहे. आणि जिथे भाषिक अल्पसंख्याक पंधरा ते वीस टक्क्यांहून अधिक आहेत, तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही काढाव्यात, हे तर केंद्राने फार पूर्वीच मान्य केलेले आहे.

आमची मागणी मोठी नाही. राज्य मागत नाही, तालुका मागत नाही. घडी घातलेल्या त्या पातळ कागदावर चार ओळींची जागा मागतो आहोत. त्या चार ओळी वाचता आल्या तर आमच्या गावात संध्याकाळी पंप खाली ठेवून माणूस घरी परत येईल.