चिलीचे वार्तापत्र : गाण्यांची स्पर्धा आणि शिट्टीचा कौल

विन्या देल मार (चिली) : दक्षिण गोलार्धात फेब्रुवारी हा ऐन उन्हाळ्याचा महिना असतो आणि चिलीतील शाळांचे नवे वर्ष मार्चमध्ये सुरू होत असल्यामुळे या महिन्याचा शेवटचा आठवडा म्हणजे सुट्टीचीही अखेर असते. त्याच आठवड्यात, राजधानी सांतियागोपासून सुमारे १२० किलोमीटरवर, प्रशांत महासागराच्या काठावरील विन्या देल मार या शहरात सहा रात्रींचा आंतरराष्ट्रीय गीत महोत्सव भरतो. १९६० मध्ये सुरू झालेला हा महोत्सव नावाने गाण्यांची स्पर्धा आहे आणि अमेरिका खंडांतील निरनिराळ्या देशांचे गायक, तसेच अधूनमधून युरोपातील गायकही, आजही तेथे नवी गाणी घेऊन उतरतात. तथापि या स्पर्धेत कोण जिंकले हे चिलीतील सामान्य माणसाच्या फारसे लक्षात राहत नाही, आणि प्रेक्षकांनी कोणाला डोक्यावर घेतले व कोणाला मंचावरून पिटाळले हे मात्र वर्षानुवर्षे सांगितले जाते. गाण्याचे मोल परीक्षकांपेक्षा श्रोत्यांनी ठरवायचे, आणि त्या श्रोत्यांनी देशातील सगळी भांडणे सोबत घेऊन यायचे, असा येथील प्रघात पडला असल्यामुळे हा महोत्सव चिलीच्या गेल्या सहा दशकांच्या सार्वजनिक जीवनाचा एक विश्वासार्ह दस्तऐवज ठरला आहे.

महोत्सवाचे स्वरूप समजण्यासाठी आधी शहर समजून घेणे आवश्यक आहे. वाल्पाराईसो हे जुने बंदर आणि सांतियागो यांना जोडणारा लोहमार्ग १८६३ मध्ये पूर्ण झाला, त्या मार्गालगतच्या जमीनदारी मळ्यावर होसे फ्रांसिस्को बेर्गारा यांनी १८७४ मध्ये विन्या देल मारची स्थापना केली, आणि बंदरातील व्यापारी व राजधानीतील धनिक यांचे हे हवा पालटण्याचे ठिकाण बनले. बेर्गारा घराण्याची बाग, म्हणजे ‘किंता बेर्गारा’, पुढे नगरपालिकेच्या मालकीची झाली. याच बागेत उभारलेल्या साध्या मंचावर पहिला महोत्सव झाला आणि आज तेथेच २००२ मध्ये बांधलेले, सुमारे १५ हजार प्रेक्षक सामावणारे खुले नाट्यगृह आहे. उन्हाळी पाहुण्यांच्या करमणुकीसाठी नगरपालिकेने योजलेला हा उपक्रम असल्यामुळे बाग, मंच आणि महोत्सवाचे नाव ही तिन्ही अद्याप शहराचीच मालमत्ता आहे. नगरपालिका काही वर्षांच्या मुदतीचे प्रक्षेपणाचे व आयोजनाचे हक्क निविदा काढून दूरचित्रवाहिन्यांना देते, आणि त्यातून येणारी रक्कम शहराच्या तिजोरीत पडते. बहुतेक सर्व सत्ता, पैसा आणि प्रसारमाध्यमे एकट्या सांतियागोत एकवटलेल्या या देशात, सहा रात्री का होईना, सबंध राष्ट्राचे लक्ष एका प्रांतीय शहराकडे लागते, ही बाब स्थानिक लोक अभिमानाने सांगतात.

स्पर्धेचे दोन विभाग असतात. पहिला आंतरराष्ट्रीय विभाग, ज्यात कोणत्याही लोकप्रिय शैलीतील गाणे चालते. दुसरा लोकसंगीताचा विभाग, जो आधी चिलीपुरता होता आणि नंतर लॅटिन अमेरिकेतील इतर देशांसाठीही खुला झाला. गेल्या काही वर्षांत प्रत्येक विभागात सहसा सहा गाणी निवडली जातात, आणि त्याच आठवड्यात पाहुणे म्हणून गायला आलेले काही नामवंत कलाकार परीक्षकांच्या मंडळातही बसतात. विजेत्यास ‘गाविओता दे प्लाता’, म्हणजे चांदीचा समुद्रपक्षी, हे स्मृतिचिन्ह मिळते. मात्र हेच चिन्ह स्पर्धेबाहेरील पाहुण्या कलाकारांनाही दिले जाते, आणि महोत्सवाचा खरा थरार त्या दुसऱ्या वाटपात आहे.

प्रेक्षागृहातील जनसमुदायास चिलीत ‘एल मोन्स्त्रुओ’, म्हणजे राक्षस, असे नाव पडले आहे. भारतीय नाट्यगृहात शिट्टी ही दाद समजली जाते; येथे तिचा अर्थ नेमका उलटा असून ‘पिफिया’ या नावाने ओळखली जाणारी शिट्ट्यांची झोड हा नापसंतीचा जाहीर ठराव असतो. कलाकाराचे शेवटचे गाणे संपले की, प्रेक्षक प्रसन्न असल्यास, ‘गाविओता, गाविओता’ असा घोष सुरू होतो. सूत्रसंचालक मंचावर येऊन समारोपाची भाषा करू लागतात, घोष वाढत जातो, आणि अखेर स्मृतिचिन्ह आणून कलाकाराच्या हाती दिले जाते. चांदीचा पक्षी मिळाल्यावरही घोष थांबला नाही, तर अलीकडच्या काळात सोन्याचा पक्षीही द्यावा लागतो. सर्वांत कठीण कसोटी विनोदी कलाकाराची असते, कारण गायकाच्या मदतीला वाद्यवृंद असतो, तर विनोदवीर एकटा ध्वनिक्षेपकासमोर उभा असतो आणि एक विनोद फसला की पहिली शिट्टी ऐकू येते. एका रात्रीत ज्यांची कारकीर्द उजळली किंवा काळवंडली अशा विनोदवीरांची यादी चिलीत लहान मुलांनाही पाठ असते.

या पद्धतीचे वेगळेपण त्याच खंडातील दुसऱ्या एका स्पर्धेशी तुलना केल्यास अधिक स्पष्ट होते. स्पेन, पोर्तुगाल आणि लॅटिन अमेरिका यांतील दूरचित्रवाणी संस्थांच्या संघटनेने १९७२ पासून २००० पर्यंत ‘ओटीआय’ नावाचा गीत महोत्सव चालवला. युरोपातील युरोव्हिजन स्पर्धेच्या धर्तीवर प्रत्येक देशाने स्पॅनिश किंवा पोर्तुगीज भाषेतील एक गाणे पाठवायचे, निरनिराळ्या देशांच्या परीक्षकांनी गुण द्यायचे आणि यजमानपद फिरते ठेवायचे, अशी त्याची रचना होती. माद्रिदमधील पहिली स्पर्धा ब्राझीलने जिंकली. १९७८ मध्ये ती सांतियागोत झाली. १९८४ मध्ये फेर्नांदो उबिएर्गो यांच्या ‘आग्वालूना’ने आणि १९९८ मध्ये फ्लोर्सिता मोतुदा या विक्षिप्त वेशाच्या गायकाने चिलीला विजय मिळवून दिला. देशादेशांचे गुण मोजणारी ही नेटकी यंत्रणा प्रसारण संस्थांचा उत्साह ओसरताच बंद पडली. विन्याच्या महोत्सवामागे मात्र एक शहर, एक बाग आणि दरवर्षी तिकीट काढून येणारा श्रोता होता. म्हणून तो टिकला.

श्रोत्यांच्या या अधिकाराला राजकारणाची धार चढली ती १९६०च्या दशकाच्या अखेरीस. लोकसंगीताच्या वाद्यांतून सामाजिक आशय मांडणाऱ्या ‘नव्या चिलीयन गीता’च्या चळवळीने १९६९ मध्ये सांतियागोत स्वतःचा महोत्सव भरवला, ज्यात विक्तोर हारा यांच्या शेतकऱ्याला उद्देशून लिहिलेल्या गीताला पहिला क्रमांक विभागून मिळाला. विन्याच्या मंचावर करमणुकीची लोकप्रिय गाणी आणि ही चळवळ यांची गाठ पडली, तेव्हा देश डाव्या आघाडीचे अध्यक्ष साल्वादोर आयेंदे यांच्या बाजूचा आणि विरोधातला अशा दोन तटांत विभागला गेला होता. १९७२ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या गायिका मिरियम मकेबा यांनी मंचावरून चिलीतील परिवर्तनाला पाठिंबा दर्शवताच त्यांना शिट्ट्यांना सामोरे जावे लागले. पुढच्याच वर्षी, मार्चमधील संसदीय निवडणूक अगदी तोंडावर आली असताना, त्या चळवळीतील ‘किलापायुन’ या गटाच्या गायनाच्या वेळी प्रेक्षागृहाचे सरळ दोन भाग झाले आणि टाळ्या व शिट्ट्या यांची झुंज गाण्याहून मोठी ठरली.

सप्टेंबर १९७३ मध्ये लष्करी उठाव झाला. त्यानंतर काही दिवसांतच विक्तोर हारा यांची हत्या झाली. ज्या बंदिस्त क्रीडागृहात त्यांना डांबण्यात आले, तेथेच चार वर्षांपूर्वी त्यांच्या गीताचा गौरव झाला होता. किलापायुन आणि इंती-इयिमानी हे गट उठावाच्या वेळी युरोपात होते आणि त्यांना तेथेच वर्षानुवर्षे राहावे लागले. फेब्रुवारी १९७४ मध्ये, हुकूमशहा पिनोशे यांच्या उपस्थितीत झालेल्या महोत्सवात विनोदवीर बिगोते अरोसेत यांनी स्पॅनिश गायक नीनो ब्रावो यांचे स्वातंत्र्याविषयीचे गीत गायले, आणि ज्या राजवटीने तुरुंग भरले होते तिनेच ते गीत आपलेसे केले. एकाच मंचाने वर्षभराच्या अंतराने दोन विरुद्ध जयघोष ऐकले.

लष्करी राजवटीच्या काळात महोत्सवाचा झगमगाट कमी न होता वाढला, आणि त्यामागे धोरणाइतकेच अर्थकारणही होते. १९७८ च्या महोत्सवातूनच चिलीच्या दूरचित्रवाणीने रंगीत प्रक्षेपणाचा प्रयोग देशाला दाखवला. त्याच वर्षी उबिएर्गो यांनी ‘एल तिएम्पो एन लास बास्तियास’ या गीताद्वारे स्पर्धा जिंकली. स्पर्धेतून थेट लोकांच्या ओठी गेलेल्या मोजक्या गाण्यांत या गीताचा क्रमांक वरचा आहे. १९७९ पासून सरकारने एका डॉलरची किंमत ३९ पेसो अशी स्थिर ठेवली, त्यामुळे परदेशी वस्तूंप्रमाणेच परदेशी कलाकारही स्वस्त झाले, आणि फेब्रुवारी १९८२ मध्ये ‘द पोलीस’ हा प्रख्यात ब्रिटिश रॉक गट विन्यात येऊन गायला. त्यानंतर चारच महिन्यांनी तो दर सोडावा लागला आणि देश गंभीर मंदीत सापडला. कामगार वस्तीतील तरुणांचा उद्वेग मांडणारा ‘लोस प्रिसियोनेरोस’ हा गट, ज्याला त्या काळच्या दूरचित्रवाणीवर जवळजवळ मज्जाव होता, तो विन्याच्या मंचावर आला तो १९९१ मध्ये, लोकशाही परतल्यावर.

लोकशाहीत शिट्टीचा रोख बदलला, परंतु तिचे राजकारण संपले नाही. २०१६ मध्ये निवडणूक निधीतील गैरव्यवहारांची प्रकरणे गाजत असताना एदो कारोए यांनी सर्व पक्षांच्या नेत्यांवर निर्भीड विनोद केले आणि नातालिया वाल्देबेनितो यांनी स्त्रियांच्या बाजूने बोलून तेच प्रेक्षागृह जिंकले. ऑक्टोबर २०१९ मध्ये विषमतेविरुद्ध देशभर उसळलेल्या जनआंदोलनानंतर भरलेल्या २०२० च्या महोत्सवात पहिल्याच रात्री बाहेर जाळपोळ झाली, तर आत सत्ताधाऱ्यांविरुद्ध घोषणा घुमत होत्या, आणि नंतरच्या रात्री याच शहराच्या कन्या असलेल्या गायिका मोन लाफेर्ते मंचावरून आंदोलनाविषयी बोलल्या. २०२४ मध्ये अमली पदार्थांच्या टोळ्यांचे उदात्तीकरण करणारी गाणी असल्याचा आक्षेप असलेल्या पेसो प्लुमा या मेक्सिकन गायकाच्या निमंत्रणावरून वाद पेटला. सरकारी वाहिनी सहआयोजक असताना अशा गायकाला मंच द्यावा का, हा प्रश्न राजकीय पातळीवर पोहोचला, आणि अखेर तो गायक आलाच नाही.

या सर्व गदारोळात मूळ स्पर्धेचे स्थान जेवणाच्या पानातील डाव्या बाजूसारखे झाले आहे. कार्यक्रम रात्री साडेनऊच्या सुमारास सुरू होऊन उत्तररात्रीपर्यंत चालतो आणि स्पर्धेतील गाणी दोन मोठ्या कलाकारांच्या मधल्या वेळेत उरकली जातात. असे असूनही स्पर्धेची उपयुक्तता संपलेली नाही. १९९३ मध्ये कोलंबियातर्फे उतरलेल्या सोळा वर्षांच्या शकीराला येथे तिसरा क्रमांक मिळाला होता. २०२३ मध्ये पेरूच्या मिलेना वॉर्थन यांनी लोकसंगीत विभाग ‘वार्मिसिताय’ या गीताने जिंकला. अँडीज पर्वतातील लोकसंगीत आणि आधुनिक पॉप यांचा मेळ घालणाऱ्या या गायिकेला स्वतःच्या देशाबाहेर एवढा मोठा श्रोतृवर्ग एका रात्रीत मिळवून देणारा दुसरा मंच खंडात शोधूनही सापडणे कठीण. पेरू आणि चिली यांच्यात एकोणिसाव्या शतकातील युद्धाची कटुता अजून पुरती विरलेली नाही, हे लक्षात घेता चिलीच्या नगरपालिकेने दिलेल्या त्या पारितोषिकाचे महत्त्व अधिकच जाणवते.

आपत्तींनीही या महोत्सवाचा तोल पाहिला आहे. २७ फेब्रुवारी २०१० च्या पहाटे ८.८ तीव्रतेच्या भूकंपाने देश हादरला आणि अखेरची रात्र रद्द झाली; २०२१ व २०२२ मध्ये महासाथीमुळे महोत्सव झालाच नाही; आणि फेब्रुवारी २०२४ च्या आरंभी याच शहराच्या डोंगरउतारांवरील वस्त्यांत वणव्याने शंभराहून अधिक माणसांचे बळी घेतले असताना, त्याच महिन्याच्या अखेरीस उद्घाटनाचा डामडौल वगळून महोत्सव भरवण्यात आला. त्या निर्णयावर टीका झाली, पण हॉटेले, फेरीवाले आणि नगरपालिकेचे उत्पन्न यांचा विचार केला तर तो रद्द करणे पोळलेल्या शहरालाच अधिक महाग पडले असते.

गुणवत्ता ठरवण्याचे साधन म्हणून विन्याची पद्धत सदोष आहे, हे मान्य करावे लागेल. जमावाचा कौल अनेकदा उतावळा, प्रसंगी क्रूर असतो आणि नवख्या गायकाच्या वाट्याला त्यातून न्याय येईलच अशी खात्री नसते. मात्र सतरा वर्षांच्या हुकूमशाहीतून गेलेल्या देशात, तिकीट काढून आलेल्या नागरिकाला सत्तेच्या डोळ्यांदेखत नापसंती व्यक्त करता येणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. नगरपालिकेने स्पर्धेतील गाण्यांना उत्तररात्रीच्या फटीऐवजी रात्रीची पहिली वेळ दिली आणि लोकसंगीताच्या विभागाला मोठ्या कलाकारांइतकीच प्रसिद्धी दिली, तर श्रोत्यांचा अधिकार अबाधित ठेवूनही महोत्सवाला त्याच्या नावातील गीत परत मिळू शकेल.