विमा प्रतिनिधीची नेमणूक संपुष्टात आल्यानंतर : ग्रामीण विमा व्यवसायाचा एक विचार (आंधळगावच्या संदर्भात)

प्रस्तावना

ग्रामीण भागात विमा कंपनी म्हणजे प्रत्यक्षात एक ओळखीची व्यक्ती असते. भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातील आंधळगाव हे कोसा वस्त्राच्या विणकामासाठी परिचित असलेले गाव. येथील विणकरास अथवा धान उत्पादक शेतकऱ्यास पॉलिसीवर कोणत्या कंपनीचे नाव आहे असे विचारले, तर तो कागद शोधू लागतो. पॉलिसी कोणत्या ‘भाऊं’नी काढून दिली हे मात्र चटकन सांगतो. त्यामुळे त्या भाऊंचा आणि कंपनीचा करार तुटला, तर त्याचा परिणाम दोन पक्षांपुरता मर्यादित राहत नाही.

प्रस्तुत लेखकाच्या वडिलांची पॉलिसी अशाच एका प्रतिनिधीमार्फत घेतलेली होती. किमान व्यवसायाची अट पूर्ण न झाल्याने त्यांची नेमणूक संपली. संकोचापोटी त्यांनी ते कोणास सांगितले नाही. हप्ता मागावयास कोणी आले नाही, म्हणून वडिलांनी लागोपाठ दोन सहामाही हप्ते भरले नाहीत. पॉलिसी खंडित झाल्याचे दहा महिन्यांनी, तेही दुसऱ्याच कामासाठी शाखेत गेलो असता कळले. व्याजासह हप्ते भरून तिचे पुनरुज्जीवन झाले. परंतु मधल्या काळात घरावर विम्याचे छत्र नव्हते आणि ते नसल्याची जाणीवही नव्हती. करार संपल्यावर प्रतिनिधीने नेमके काय करावे, हा प्रश्न या अनुभवातून निर्माण झाला. प्रस्तुत लेखात त्याचे विवेचन करण्याचा प्रयत्न आहे.

‘स्वतंत्र’ या शब्दाची मर्यादा

अमेरिकेतील स्वतंत्र विमा एजन्सी एकाच वेळी अनेक कंपन्यांचे विमे विकते. तेथे ग्राहकांच्या नूतनीकरणाच्या नोंदी या एजन्सीच्या मालकीच्या मानल्या जातात. न्यूयॉर्कमधील १९०४ च्या ‘नॅशनल फायर इन्शुरन्स कंपनी विरुद्ध सुलार्ड’ या निवाड्यापासून हे तत्त्व तेथे रुजले. एका कंपनीने करार मोडला, तरी एजन्सी आपले ग्राहक दुसऱ्या कंपनीकडे वळवू शकते.

भारतातील वैयक्तिक प्रतिनिधीची स्थिती याहून बरीच निराळी आहे. विमा अधिनियम, १९३८ च्या कलम ४२ मध्ये २०१५ च्या दुरुस्तीनंतर नेमणुकीचा अधिकार विमा कंपनीकडे आला. प्रतिनिधीला एक आयुर्विमा, एक सर्वसाधारण विमा व एक आरोग्य विमा कंपनी, याशिवाय एकाच प्रकारचा विमा करणाऱ्या अन्य कंपन्यांपैकी प्रत्येक प्रकारची एक, एवढ्यांचेच काम करता येते. म्हणजे आयुर्विम्याची एक नेमणूक गेली की त्या शाखेतील त्याचे नवे काम पूर्णतः थांबते. तो वेळेचा स्वामी आहे, पगारी नोकर नाही, एवढ्याच अर्थाने त्याला स्वतंत्र म्हणावयाचे.

१९५६ चा अनुभव

करार एका दिवसात संपण्याचा सर्वांत मोठा प्रसंग आपल्याकडे आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाने आला. १९ जानेवारी १९५६ च्या वटहुकमाने व्यवस्थापन शासनाकडे गेले आणि १ सप्टेंबर १९५६ रोजी भारतीय आयुर्विमा महामंडळ अस्तित्वात आले. १५४ भारतीय कंपन्या, १६ परदेशी कंपन्या व ७५ भविष्य निर्वाह संस्था त्यात विलीन झाल्या. अण्णासाहेब चिरमुले यांनी १९१३ मध्ये साताऱ्यात स्थापन केलेली वेस्टर्न इंडिया लाइफ ही त्यांतीलच एक. (त्या दिवशी भंडारा जिल्हा मध्य प्रदेशात होता, दोनच महिन्यांनी तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. विमेदाराची कंपनीही बदलली आणि राज्यही.)

त्याकाळी कंपनी आणि सामान्य प्रतिनिधी यांच्यामध्ये ‘चीफ एजंट’ व ‘स्पेशल एजंट’ असे दोन मध्यस्थ असत. आज ज्यास आपण स्वतंत्र एजन्सी म्हणू, तिच्या सर्वांत जवळ हा चीफ एजंट होता: स्वतःचे कार्यालय, स्वतःची माणसे आणि हाताखालच्या प्रतिनिधींच्या कामावर मिळणारे जादा कमिशन. महामंडळ अधिनियमाच्या कलम ३६ ने या दोघांचे करार नियत दिवसापासून समाप्त केले. मात्र त्याच कलमाने भरपाईची तरतूद केली आणि ती कशी मोजावी याची तत्त्वे परिशिष्टात दिली. पूर्वी मिळवून दिलेल्या व्यवसायाला करार संपल्यानंतरही काही मूल्य उरते, हे तत्त्व कायद्याने येथे मान्य केले, ही बाब आपल्या विषयासाठी महत्त्वाची आहे.

नेमणूक कशी संपते

आज नेमणूक संपण्याची कारणे मुख्यतः चार दिसतात: स्वतःचा राजीनामा, किमान व्यवसाय न होणे, गैरवर्तनाबद्दल रद्द होणे आणि कंपनीचेच रूप पालटणे. शेवटच्या प्रकारात प्रतिनिधीचा काहीच दोष नसतो. अपोलो म्युनिक ही आरोग्य विमा कंपनी २०२० मध्ये एचडीएफसी अर्गोत, भारती अक्साचा सर्वसाधारण विमा व्यवसाय २०२१ मध्ये आयसीआयसीआय लोम्बार्डमध्ये आणि एक्साइड लाइफ २०२२ मध्ये एचडीएफसी लाइफमध्ये विलीन झाली. ज्याच्याजवळ आरोग्य व सर्वसाधारण विम्याच्या दोन वेगळ्या कंपन्या होत्या, त्याच्या बाबतीत विलीनीकरणाने दोन आधारांचा एकच आधार होऊ शकतो.

राजीनामा आणि रद्द होणे यांत गल्लत करू नये. प्रतिनिधींच्या नेमणुकीसंबंधीच्या २०१६ च्या विनियमांनुसार राजीनामा देणाऱ्याने नेमणूकपत्र व ओळखपत्र परत करावयाचे आणि कंपनीने १५ दिवसांत नेमणूक संपल्याचे प्रमाणपत्र द्यावयाचे असते. त्या प्रमाणपत्राच्या तारखेपासून ९० दिवसांनंतर दुसरी कंपनी अर्जाचा विचार करू शकते, अशी योजना त्यात केलेली आहे. गैरवर्तनाने नेमणूक रद्द झाली, तर मात्र नाव काळ्या यादीत जाते व दुसऱ्या कंपनीचे दारही बंद होते. म्हणून कारणे दाखवा नोटिशीस उत्तर न देणे ही सर्वांत महाग पडणारी चूक होय. अनेक प्रतिनिधी नोटीस आली की विकास अधिकाऱ्याशी तोंडी बोलतात आणि प्रश्न मिटला असे समजतात. तोंडी बोलण्याची नोंद कोठेही राहत नाही.

कमिशनचा हक्क

जुन्या कलम ४४ मध्ये प्रतिनिधीला संरक्षण होते. ठरावीक वर्षे अखंड काम केलेल्या प्रतिनिधीचे, लबाडीचा अपवाद वगळता, नूतनीकरण हप्त्यांवरील कमिशन केवळ करार संपला या कारणाने कंपनीला थांबविता येत नसे. २०१५ च्या दुरुस्तीने हे कलम वगळले गेले. २०२३ पासून कमिशनचे धोरण प्रत्येक कंपनीचे संचालक मंडळ ठरविते. परिणामी पूर्वी जो हक्क अधिनियमात होता, तो आता मुख्यतः करारपत्रात शोधावा लागतो. या बदलाची महाविद्यालयीन अभ्यासक्रमात पुरेशी दखल घेतली गेलेली नाही, असे नम्रपणे नमूद करावेसे वाटते.

आयुर्विमा महामंडळाचे प्रतिनिधींसाठी १९७२ पासून स्वतंत्र नियम आहेत. तरीही पुनर्नियुक्त प्रतिनिधीस जुन्या एजन्सीतील व्यवसायावर नूतनीकरण कमिशन मिळत नव्हते. सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने ते मिळण्यास, तसेच ग्रॅच्युइटीची मर्यादा ३ लाखांवरून ५ लाख रुपये करण्यास मान्यता दिली. तेव्हा मध्येच काम सुटलेल्या जुन्या प्रतिनिधीने पुनर्नियुक्तीचा विचार अवश्य करावा.

विमेदाराचे काय?

येथे १९९७ चा ‘हर्षद शहा विरुद्ध आयुर्विमा महामंडळ’ हा सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा ध्यानात घ्यावा लागतो. विमेदाराने हप्त्याचा धनादेश प्रतिनिधीकडे दिला; तो कार्यालयात जमा होण्यापूर्वीच विमेदाराचा अपघाती मृत्यू झाला. प्रतिनिधीस हप्ता स्वीकारण्याचा अधिकार नव्हता, म्हणून त्याच्याकडे दिलेला हप्ता महामंडळाकडे भरला असे मानता येत नाही, असे न्यायालयाने ठरविले. विणकराचे पैसे कापड विकले गेल्यावर येतात, शेतकऱ्याचे धान विकल्यावर. “भाऊ, आता जवळ आहेत तर घेऊन जा,” असे म्हणून हप्ता प्रतिनिधीच्या हाती दिला जातो. नेमणूक चालू असतानाही ही प्रथा धोक्याची होती. नेमणूक संपल्यावर तर अशी रक्कम हातात घेणे सर्वथा अयोग्य ठरते.

प्रतिनिधी गेला तरी पॉलिसी संपत नाही, ही साधी गोष्ट विमेदारास कोणीतरी सांगावी लागते. मासिक हप्त्यास १५ दिवसांची व इतर हप्त्यांस ३० दिवसांची सवलतीची मुदत असते. पारंपरिक पॉलिसीचे पुनरुज्जीवन पहिल्या न भरलेल्या हप्त्यापासून ५ वर्षांपर्यंत करता येते.

विणकरांना विमा कंपनी बदलण्याचा अनुभव सामुदायिक योजनांतूनही आलेला आहे. २००५ नंतर हातमाग विणकरांची आरोग्य विमा योजना आयसीआयसीआय लोम्बार्डमार्फत राबविली गेली आणि पुढे विणकरांना राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेकडे नेण्यात आले. महात्मा गांधी बुनकर विमा योजनेत ४७० रुपयांच्या हप्त्यापैकी विणकराचे ८०, केंद्र शासनाचे २९० व महामंडळाचे १०० रुपये असत. तीही नंतर प्रधानमंत्री जीवनज्योती योजनेशी जोडली गेली. प्रत्येक बदलात जुने कार्ड पेटीत राहते. ते आता चालत नाही, हे सांगणारा माणूस गावात असावा लागतो.

एजन्सी कशी सावरावी

नेमणूक जाण्याची चिन्हे दिसताच प्रतिनिधीने प्रथम आपल्या उत्पन्नाची फोड करावी: पहिल्या वर्षाचे कमिशन किती, नूतनीकरणाचे किती, आणि करारपत्रानुसार त्यांपैकी काय उरेल. नव्या नेमणुकीपर्यंतच्या तीन महिन्यांचा खर्च त्यातून भागतो का हे त्यावरून कळते. येणे असलेल्या कमिशनचे विवरण व कापलेल्या कराचे दाखले नेमणूक चालू असतानाच मिळवावेत. नंतर संगणकप्रणालीत प्रवेश मिळत नाही.

दुसरा मार्ग एकत्र येण्याचा आहे. संस्थात्मक प्रतिनिधीस प्रत्येक प्रकारातील ३ कंपन्यांचे काम करता येई. डिसेंबर २०२२ पासून ही मर्यादा ९ झाली. विमा विपणन संस्थेसाठी ती २ वरून ६ वर गेली. भांडवल व नोंदणीच्या अटी एकट्यास जड जातात, हे खरे. परंतु तालुक्यातील काही प्रतिनिधी मिळून, किंवा सहकारी संस्थेच्या आधाराने, हा विचार करू शकतील. एक कंपनी गेली तरी दुकान चालू राहण्याची व्यवस्था सध्याच्या चौकटीत येथेच सापडते.

जे करू नये तेही सांगितले पाहिजे. नव्या कंपनीची नेमणूक मिळताच जुन्या विमेदारांच्या पॉलिसी मोडावयास लावून नव्या विकणे, हा मार्ग सोपा व म्हणूनच प्रचलित आहे. यात प्रतिनिधीस पहिल्या वर्षाचे कमिशन पुन्हा मिळते; विमेदारास मात्र कमी समर्पण मूल्य आणि वाढलेल्या वयाचा चढा हप्ता पदरी येतो.

याउलट नेमणूक संपल्याच्या आठवड्यातच प्रत्येक विमेदारास एक पानाचे मराठी पत्र द्यावे. त्यात पॉलिसी क्रमांक, पुढील हप्त्याची तारीख व रक्कम, शाखेचा पत्ता, वारसाचे नाव नोंदलेले आहे की नाही, आणि “आता माझ्याकडे पैसे देऊ नका, पावती शाखेतूनच घ्या” हे वाक्य ठळक अक्षरांत असावे. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या घरी जाऊन ते वाचून दाखवावे, आणि त्या वेळी घरातील सून किंवा मुलगा हजर असेल असे पाहावे.