विश्रांतीची आगाऊ खरेदी

खानदेशाला समुद्र नाही. तापीचे पाणी अरबी समुद्राला मिळते ते सुरतेजवळ. तोपर्यंत खानदेशाची हद्द केव्हाच मागे पडलेली असते. त्यामुळे जळगाव-भुसावळ रस्त्यावरील नशिराबादसारख्या गावात समुद्रकिनाऱ्यावरची सुट्टी ही आतापर्यंत दूरची हौस होती. भुसावळ-मनमाड मार्गाने धावणाऱ्या गोवा एक्स्प्रेसने ती थोडी जवळ आणली आणि २०२४ मध्ये जळगाव-गोवा विमानसेवा सुरू झाली तेव्हा ती आणखी जवळ आली. अंतर घटले की बाजारपेठ वाढते, हा अर्थशास्त्राचा जुना नियम. जळगावातील एखाद्या हॉटेलात चहापानाला सपत्नीक बोलावून, भेटवस्तू हाती ठेवून, ‘आयुष्यभराच्या सुट्ट्या’ देऊ करणारे विक्रेते या नियमाचेच पाईक होत. प्रश्न असा की, ते नेमके काय विकतात?

समुद्रकाठच्या मोठ्या रिसॉर्टमधील मुक्काम ही त्यातली दिसणारी वस्तू. खोली, दोन्ही वेळचे जेवण, न्याहारी, पोहण्याचा तलाव, मुलांचे खेळ, संध्याकाळची करमणूक, हे सारे एकाच रकमेत. वरच्या श्रेणीच्या सदस्याला समुद्राकडे तोंड असलेली खोली, न्याहारीची निराळी बैठक आणि खोली सोडण्यास दुपारपर्यंत मुभा. या पद्धतीचा आरंभ मात्र अगदी साधा होता. १९५० मध्ये जेरार ब्लिट्झ या बेल्जियन गृहस्थाने स्पेनच्या मायोर्का बेटावर ‘क्लब मेडिटेरानी’ची पहिली वसाहत उभारली ती तंबूंची. तेथे खोल्यांचा थाट नव्हता. पुढे याच क्लबात मद्यपेयांसाठी नाण्यांऐवजी गळ्यातले मणी चालू लागले. युद्धाने थकलेल्या युरोपातील माणसांना काही दिवस खिशात हात न घालता जगता यावे, एवढीच ती कल्पना.

त्या कल्पनेत खोटे काही नाही. आपल्याकडची अमर्याद थाळी याच तत्त्वावर चालते. कमी जेवणारा जास्त जेवणाऱ्याचा भार उचलतो, खाणावळवाला सरासरीवर नफा काढतो आणि कोणाचीच तक्रार नसते. ज्या गृहिणीने वर्षभर बाजारात मेथीच्या जुडीचासुद्धा भाव केला, तिला आठ दिवस भाव न विचारता पानावर बसता येणे ही ऐषआराम म्हणून हिणवण्याची गोष्ट नव्हे. तो श्रमपरिहार आहे, आणि त्याची किंमत मोजण्याचा तिला पूर्ण अधिकार आहे. दोष या मुक्कामात नाही. तो मुक्काम पंचवीस वर्षांसाठी आगाऊ विकत घेण्याच्या व्यवहारात शिरतो.

एका कल्पित कुटुंबाचा हिशेब मांडून पाहावा. नशिराबादच्या एखाद्या शिक्षक दांपत्याने पाच लाख रुपये भरून दरवर्षी सात रात्रींचे पंचवीस वर्षांचे सदस्यत्व घेतले आणि देखभालीपोटी त्यांना वर्षाला अठरा हजार रुपये द्यावे लागले, असे धरू. हेच पाच लाख सात टक्के व्याजाने ठेवले असते, तर मुद्दल व व्याज मिळून पंचवीस वर्षे दरवर्षी सुमारे त्रेचाळीस हजार रुपये हाती आले असते. त्यात देखभालीचे अठरा हजार मिळवले म्हणजे सात रात्रींची खरी किंमत एकसष्ट हजार, अर्थात रात्रीला सुमारे आठ हजार सातशे रुपये. बहुतेक भारतीय सदस्यत्वांत एवढ्या पैशांत खोली मिळते. जेवणखाण व प्रवास निराळा. सारे काही एका रकमेत असलेला मुक्काम आणि हे सदस्यत्व या दोन भिन्न गोष्टी आहेत. विक्रीच्या सभेत मात्र त्या एकाच चित्रात दाखवल्या जातात. देखभालीचा आकार दरवर्षी वाढतो. एखाद्या वर्षी घरात लग्न निघाले किंवा आजारपण आले तर मुक्काम चुकू शकतो, पण देखभालीचा आकार चुकत नाही.

यापेक्षा महत्त्वाचा मुद्दा कालगणनेचा. एका खोलीचे बावन्न आठवडे बावन्न सदस्यांना विकता येतात. पण शाळा-कचेऱ्यांच्या सुट्ट्यांचे आठवडे दहा-बाराच असतात. म्हणून या धंद्याने वर्षाचे भाग पाडले, त्यांना रंगांची नावे दिली आणि स्वस्त रंगाच्या सदस्याला दिवाळी, नाताळ व मे महिना यांची दारे मिटली. गोव्याचा सर्वांत स्वस्त हंगाम पावसाळ्याचा. त्याच वेळी खानदेशात पेरणी, निंदणी आणि खतांची धावपळ चालू असते. पुढे कापसाच्या वेचणीत दिवाळी जाते. नोकरदाराला रजा मिळते ती मे महिन्यात आणि तेव्हा खोल्या भरलेल्या असतात. ज्याला स्वस्त हंगाम परवडतो त्याला सवड नाही, आणि ज्याला सवड आहे त्याच्या हंगामाला भाव चढलेला! सदस्यत्वाने विकला जातो तो केवळ दावा. खोली मिळणे ही निराळी गोष्ट.

दाव्याची विक्री एकदा सुरू झाली की तिला ठेवीचे रूप येण्यास वेळ लागत नाही. महाराष्ट्राने याचा कटू अनुभव घेतला आहे. मुंबईच्या पॅनकार्ड क्लब्ज या कंपनीने हॉटेलातील रात्री आगाऊ विकल्या आणि न वापरलेल्या रात्रींबद्दल मुदतीनंतर वाढीव रक्कम देऊ केली. सेबीने २०१४ मध्ये या योजनांवर निर्बंध घातले. २०१६ च्या आदेशात ही नोंदणी नसलेली सामूहिक गुंतवणूक योजना असल्याचे ठरवून सुमारे ७,०३५ कोटी रुपये ५१ लाखांहून अधिक गुंतवणूकदारांना परत करण्यास सांगितले. २०१७ मध्ये अपील न्यायाधिकरणातही कंपनीला यश आले नाही. समुद्र पाहण्यासाठी पैसे भरणारे त्यांत किती असतील? सुट्टीच्या नावाखाली लोकांनी बचत ठेवली होती, आणि बचतीला जे संरक्षण असते ते या कागदाला नव्हते. म्हणून साधी कसोटी अशी की, मुक्काम न केल्यास जास्त पैसे मिळतील असे जेथे सांगितले जाते, तेथे विकली जाणारी वस्तू मुक्काम नसतेच.

सर्वच कंपन्या एका मापाने मोजाव्यात असे येथे सुचवायचे नाही. १९८० च्या दशकापासून देशात हा व्यवसाय चालू आहे आणि दरवर्षी हौसेने जाऊन समाधानाने परतणारी कुटुंबेही आहेत. ज्यांना रजेचे स्वातंत्र्य आहे, मुले लहान आहेत आणि वर्षाआधी बेत ठरवण्याची शिस्त आहे, त्यांना हा सौदा मानवतोही. पण ज्याचे उत्पन्न पावसावर आणि रजा मुख्याध्यापकाच्या मर्जीवर, त्याने पंचवीस वर्षांच्या सवडीचा करार करावा काय, हा विचार सहीपूर्वी व्हावयास हवा. सभेच्या त्या दोन तासांत नेमका तोच होऊ दिला जात नाही. ‘सवलत आजपुरतीच’ या एका वाक्यावर अनेक सह्या होतात.

येथे कायद्याचे काम आहे. युरोपीय संघाने २००८ च्या निर्देशाने अशा करारातून चौदा दिवसांत कारण न देता बाहेर पडण्याचा हक्क दिला आणि त्या मुदतीत आगाऊ रक्कम घेण्यास मनाई केली. भारतात या करारांसाठी स्वतंत्र कायदा नाही. कंपनी जी मुदत देईल ती खरी. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मात्र दोन आधार दिले. एक, ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. म्हणजे नशिराबादच्या सदस्याला कंपनीच्या गावी खेटे न घालता जळगावच्या जिल्हा आयोगाकडे जाता येते. दोन, अनुचित करार ही संकल्पना कायद्यात आली आणि अशा कराराविरुद्ध राज्य आयोगाकडे दाद मागता येते. हे आधार नुकसान झाल्यानंतरचे आहेत. त्याआधीचे संरक्षण हवे असेल, तर माघारीची सक्तीची मुदत, कराराची मराठी प्रत आणि सदस्य किती व खोल्या किती हा आकडा दरवर्षी जाहीर करण्याचे बंधन, एवढ्या तीन गोष्टी पुरेशा आहेत. त्यांपैकी एकीनेही प्रामाणिक व्यावसायिकाचे नुकसान होणार नाही.

हिवाळ्यात आसोदे-भादली परिसरातल्या शेतांवर भरताच्या पार्ट्या होतात. वांगी काट्याकुट्यांवर भाजली जातात, कळण्याची भाकरी असते, वर्गणी एकच आणि जेवण पोटभर. सर्वसमावेशक मुक्कामाचे हे खानदेशी रूप. त्यात आणि रंगीत पुस्तिकेतल्या सदस्यत्वात फरक आहे तो हिशेबाचा. वर्गणी दिली त्याच संध्याकाळी ती वसूल होते, आणि पुढच्या वर्षी यायचे की नाही हे ज्याचे तो ठरवतो. समुद्र पाहण्यास नशिराबादकराने अवश्य जावे. त्या वर्षीच्या सुट्टीचे पैसे त्या वर्षी द्यावेत आणि उरलेली चोवीस वर्षे आपल्याजवळ ठेवावीत.