'भावी सरपंच' म्हणजे नक्की कोण?

निवडणूक जवळ आली की अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनच्या नाक्यांवर 'भावी सरपंच'चे बॅनर झळकतात. भावी म्हणजे पुढे होणारा. हा शब्द वधू-वरांसाठीही वापरतात. आता कालपरवा गावात दिसू लागलेला नवखाही वाढदिवसाला 'भावी' होतो. कायद्यात असं पद नाही. ग्रामपंचायतीला उभं राहायचं तर वय 21 पूर्ण आणि त्याच ग्रामपंचायतीच्या मतदार यादीत नाव हवं. नुसता प्लॉट घेऊन भागत नाही. अर्ज भरेपर्यंत तो फक्त इच्छुक, नंतर उमेदवार. हा शब्द फारसीतला, उमेद बाळगणारा. जुन्या मराठीत उमेदवारी करणं म्हणजे कुणाच्या तरी हाताखाली राबून काम शिकणं. ते टाळून थेट बॅनरवर चढणाऱ्याला म्हातारी माणसं म्हणतात, "गुडघ्याला बाशिंग बांधलंय!" बाशिंग खरं तर कपाळाला बांधतात, तेही लग्न ठरल्यावर.